एका प्रश्नापासून छापील नकाशापर्यंत : भौगोलिक माहिती प्रणालीत नकाशा तयार करण्याची पद्धत

भौगोलिक माहिती प्रणालीचे सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडणारा माणूस बहुधा रंग, चिन्हे आणि पार्श्वभूमीचे उपग्रहचित्र यांच्याकडे आधी वळतो, कारण पडद्यावर तेच लगेच दिसते. नकाशा विश्वासार्ह होणार की नाही हे मात्र त्याच्या बरेच आधी, माहितीची निवड, प्रक्षेपण (म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत) आणि तक्त्यांची जुळणी या टप्प्यांवर ठरून गेलेले असते. रंग चुकला तर तो पाहणाऱ्याला खटकतो. प्रक्षेपण चुकले तर नकाशा तितकाच देखणा राहतो आणि त्यावरून मोजलेली अंतरे तेवढी खोटी निघतात. म्हणून या लेखात सुरुवातीच्या टप्प्यांना अधिक जागा दिली आहे.

समजण्यास सोपे जावे यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. एक डोंगराळ प्रदेश आहे, त्यात विखुरलेल्या वस्त्या आहेत आणि मोजकी आरोग्य केंद्रे आहेत. त्यांचा नकाशा करायचा आहे.

प्रश्न आधी, सॉफ्टवेअर नंतर

"आरोग्य केंद्रांचा नकाशा" हे नकाशाचे नाव होऊ शकेल, पण तेवढ्यावर काम सुरू करता येत नाही. "या प्रदेशातील कोणत्या वस्त्या जवळच्या आरोग्य केंद्रापासून ५ किलोमीटरपेक्षा दूर आहेत आणि तेथे किती लोक राहतात?" असा पूर्ण प्रश्न कागदावर लिहिला, की कोणते स्तर, म्हणजे एकमेकांवर रचायचे माहितीचे वेगवेगळे थर, लागतील हे आपोआप ठरते. प्रदेशाची सीमा, लोकसंख्येसह वस्त्यांचे बिंदू, आरोग्य केंद्रांचे बिंदू, आणि वाचकाला ठिकाण ओळखता यावे एवढ्यापुरते मोठे रस्ते व नद्या पुरेत. जमीन वापर, मृदा, पर्जन्यमान हे स्तर हाताशी असले तरी या नकाशात त्यांना जागा नाही.

प्रश्नाबरोबर कागदाचा आकार आणि प्रमाणही ठरवावे. समजा प्रदेश पूर्व-पश्चिम ७२ किलोमीटर पसरला आहे आणि ए४ कागदावर नकाशासाठी १८ सेंटीमीटर रुंदी मिळते. तर १ सेंटीमीटरला ४ किलोमीटर, म्हणजे १:४,००,००० हे प्रमाण होईल. छापील नकाशावर साधारण ०.२ मिलिमीटरपेक्षा सूक्ष्म फरक डोळ्यांना वेगळा काढता येत नाही, आणि या प्रमाणावर ०.२ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ८० मीटर. याचा अर्थ केंद्राचे स्थान २०-३० मीटर इकडे-तिकडे असले तरी छापील नकाशात काहीही बिघडत नाही. उलट बाजूने पाहिले तर १:१,००,००,००० या प्रमाणासाठी सुलभ केलेली नदीची रेषा येथे वापरली, तर ती रेषा २ किलोमीटरपर्यंत सरकलेली असू शकते आणि नदीकाठची वस्ती पाण्यात किंवा पलीकडच्या तीरावर दिसू शकते. बृहत्प्रमाण म्हणजे लहान क्षेत्र सविस्तर दाखवणारा नकाशा आणि लघुप्रमाण म्हणजे मोठे क्षेत्र ढोबळपणे दाखवणारा नकाशा. हे दोन शब्द कायम उलटे वापरले जातात, तेव्हा माहिती मागताना शब्दाऐवजी सरळ आकडा सांगावा.

सॉफ्टवेअर आणि फोल्डरची शिस्त

येथे दिलेल्या मेनूंची नावे क्यूजीआयएसमधील आहेत. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा मुक्त स्रोत प्रकल्प विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींवर विनामूल्य चालतो. एस्रीचे आर्कजीआयएस किंवा अन्य कोणतेही सॉफ्टवेअर वापरत असल्यास बटणे वेगळी असतील, क्रम हाच राहील. क्यूजीआयएस उतरवताना दीर्घकालीन आधार असलेली आवृत्ती निवडावी. नव्या आवृत्तीतील नवलाईपेक्षा काम मध्येच न अडणे महत्त्वाचे आहे.

काम सुरू करण्यापूर्वी एका फोल्डरमध्ये तीन उपफोल्डर करावेत: मूळ माहिती, कामाची माहिती आणि तयार नकाशे. मूळ माहितीला कधीही हात लावू नये. प्रकल्पाची फाइल या उपफोल्डरांच्या शेजारीच जतन करावी, म्हणजे संपूर्ण फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेला तरी स्तर हरवत नाहीत.

कामाची माहिती शेपफाइल या फाइल-प्रकारात न ठेवता जिओपॅकेज या प्रकारात ठेवावी असा माझा आग्रह आहे, आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी त्याला विशेष कारण आहे. शेपफाइल ही एक फाइल नसून किमान तीन फाइलींचा संच असतो, आणि त्यातील एक जरी पाठवायची राहिली तर बाकीच्या निरुपयोगी ठरतात. पण त्याहून मोठी अडचण अक्षरांची आहे. शेपफाइलच्या तक्त्यात रकान्याच्या नावाला १० बाइट आणि मजकुराच्या रकान्याला २५४ बाइट एवढीच मर्यादा असते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी हीदेखील स्वतंत्र चिन्हे असतात. त्यामुळे रकान्याच्या नावात जेमतेम ३ चिन्हे मावतात. "लोकसंख्या" हा साधा शब्दही तेथे पूर्ण लिहिता येत नाही. जिओपॅकेज ही एकच फाइल असते, तिच्यात अनेक स्तर राहतात, आणि देवनागरी मजकूर तिच्यात सुखरूप राहतो.

माहिती मिळवणे आणि तिच्याकडे संशयाने पाहणे

सीमा व लोकसंख्या यांच्यासाठी त्या त्या देशाच्या जनगणनेची व सर्वेक्षण खात्याची अधिकृत माहिती हा पहिला आधार. रस्ते, नद्या, वस्त्या आणि आरोग्य केंद्रे ओपनस्ट्रीटमॅपमधून घेता येतात. २००४ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प स्वयंसेवकांच्या नोंदींवर उभा आहे, आणि क्यूजीआयएसमधील क्विकओएसएम या प्लगइनने हव्या त्या भागाची माहिती थेट उतरवता येते. उंचीसाठी एसआरटीएम ही मोहीम उपयोगी पडते. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांत रडारने केलेल्या या मोजणीतून सुमारे ३० मीटर आकाराच्या चौकटींची उंची विनामूल्य मिळते. ताजी उपग्रहचित्रे हवी असल्यास सेंटिनेल-२ ची १० मीटरची आणि लँडसॅटची ३० मीटरची चित्रे खुली आहेत.

उतरवलेला प्रत्येक स्तर प्रथम एकट्याने उघडून पाहावा. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एखादे आरोग्य केंद्र बिंदू म्हणून नोंदलेले असते, तर दुसरे इमारतीच्या बाह्यरेषेच्या रूपात असते. फक्त बिंदू घेतले तर दुसऱ्या प्रकारची सर्व केंद्रे नकाशातून गळतात, आणि जेथे सेवा आहे तेथे ती नाही असे आपण दाखवून बसतो. यासाठी बहुभुजांवर 'पॉइंट ऑन सरफेस' हे साधन चालवून त्यांचे बिंदू करावेत आणि दोन्ही स्तर एकत्र करावेत. मध्यबिंदू काढणारे 'सेंट्रॉइड' हे साधनही आहे, पण वाकड्या आकाराच्या बाबतीत त्याचा बिंदू आकाराच्या बाहेर पडू शकतो. एकत्रीकरणानंतर एकाच केंद्राची दुहेरी नोंद झाली आहे का, हेही पाहावे.

येथे आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या हातून निसटते. आपला प्रदेश सीमेपर्यंतच आहे म्हणून केंद्रेही सीमेवर कापून घेतली जातात. पण सीमेलगतच्या वस्तीतील रुग्ण पलीकडच्या जवळच्या केंद्रात जातो. त्याच्या दृष्टीने ती सीमा आडवी येत नाही. केंद्रे कापून घेतली तर सीमेभोवतीच्या साऱ्या वस्त्या विनाकारण दूरच्या ठरतात. म्हणून केंद्रांची माहिती सीमेबाहेर किमान १० किलोमीटरपर्यंत घ्यावी, आणि छापताना हवी तर बाहेरची केंद्रे फिकट दाखवावीत.

प्रक्षेपण : येथे घाई करू नये

जीपीएसने मिळालेले अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ या संदर्भप्रणालीत असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये तिची ओळख ईपीएसजी ४३२६ अशी असते. ही प्रणाली स्थान नोंदवण्यासाठी उत्तम आहे, पण अंतर मोजण्यासाठी नाही, कारण तिचे एकक अंश आहे. अक्षांशाचा १ अंश सर्वत्र सुमारे १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा १ अंश विषुववृत्तावर तेवढाच असला, तरी ६० अक्षवृत्तावर तो निम्मा म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर उरतो. अशा स्तरावर ५००० आकडा घालून बफर, म्हणजे बिंदूभोवती ठरावीक अंतराचा घेर, काढला, तर सॉफ्टवेअर ५००० मीटरऐवजी ५००० अंश समजते.

वेबवरील बहुतेक पार्श्वभूमी नकाशे वेब मर्केटर म्हणजे ईपीएसजी ३८५७ मध्ये असतात. त्याचे एकक मीटर असल्यामुळे तो सुरक्षित वाटतो, आणि नेमका म्हणूनच तो अधिक फसवतो. या प्रक्षेपणात विषुववृत्तापासून दूर जाऊ तसा सर्व काही मोठे दिसत जाते. ६० अक्षवृत्तावर अंतर दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट होते. परिणामी तेथे काढलेला ५ किलोमीटरचा बफर जमिनीवर २.५ किलोमीटरचाच असतो, आणि २० अक्षवृत्तावरही तो सुमारे ४.७ किलोमीटरवर थांबतो. वेब मर्केटरची ही चूक डोळ्यांना अजिबात दिसत नाही, त्यामुळे तीच अधिक घातक समजावी.

आपल्या उदाहरणासारख्या मर्यादित प्रदेशासाठी यूटीएम ही पद्धत सोयीची आहे. तिने पृथ्वीचे ६ अंश रुंदीचे ६० पट्टे केले आहेत. आपला पट्टा काढण्यासाठी पूर्व रेखांशात १८० मिळवावेत, ६ ने भागावे, अपूर्णांक सोडून द्यावा आणि १ मिळवावा. समजा प्रदेशाचा मध्य ४०.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, २२०.५ भागिले ६ म्हणजे ३६.७५, म्हणून पट्टा ३७ वा. पश्चिम रेखांश असल्यास तो ऋण धरावा. उत्तर गोलार्धात ३२६ आणि दक्षिण गोलार्धात ३२७ या आकड्यांपुढे पट्ट्याचा दोन अंकी क्रमांक लिहिला की ईपीएसजी क्रमांक तयार होतो. येथे तो ३२६३७ असेल. पट्ट्याच्या मध्यरेषेवर प्रमाण ०.९९९६ असते, म्हणजे किलोमीटरमागे ४० सेंटीमीटर कमी, आणि पट्ट्याच्या कडेला विषुववृत्ताजवळ ते किलोमीटरमागे सुमारे १ मीटर जास्त होते. आपल्या कामाला ही अचूकता पुरून उरते. प्रदेश अनेक पट्ट्यांत पसरलेला असेल आणि क्षेत्रफळांची तुलना करायची असेल, तर मात्र समक्षेत्र प्रक्षेपण घ्यावे.

आता कृती. 'प्रोसेसिंग टूलबॉक्स'मध्ये 'रिप्रोजेक्ट लेयर' हे साधन शोधावे, लक्ष्य म्हणून आपला यूटीएम पट्टा निवडावा आणि निष्पन्न होणारा स्तर जिओपॅकेजमध्ये नव्या नावाने ठेवावा. प्रत्येक स्तरासाठी हे करावे. 'सेट लेयर सीआरएस' ही आज्ञा याच कामाची आहे असा गैरसमज फार पसरलेला आहे. ती आज्ञा निर्देशांक बदलत नाही, केवळ स्तरावरची चिठ्ठी बदलते. किलोच्या पिशवीवर लिटरची चिठ्ठी लावावी तसा तो प्रकार होतो. स्तराला कोणतीच संदर्भप्रणाली जोडलेली नसेल आणि ती कोणती हे आपल्याला निश्चित ठाऊक असेल, तेव्हाच ही आज्ञा वापरावी. दरम्यान सॉफ्टवेअर वेगवेगळ्या प्रणालींतील स्तर पडद्यावर जागच्या जागी जुळवून दाखवत असते, म्हणून स्तर एकमेकांवर बरोबर बसलेले दिसणे हा ते एकाच प्रणालीत असल्याचा पुरावा नव्हे. स्तराच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'इन्फर्मेशन' हे पान उघडून क्रमांक डोळ्यांनी वाचावा.

उंचीच्या रास्टरचे, म्हणजे प्रत्येक चौकटीत एक मूल्य असलेल्या जाळीचे, प्रक्षेपण बदलताना 'बायलिनिअर' ही पद्धत निवडावी, कारण उंची सलग बदलणारे मूल्य आहे. जमीन वापरासारख्या वर्गांच्या रास्टरला मात्र 'निअरेस्ट नेबर' हीच पद्धत लागते. तेथे सरासरी घेतली तर वर्ग २ आणि वर्ग ४ यांच्या मधोमध कधीच नसलेला वर्ग ३ उगवतो.

तक्त्यातील वस्त्या नकाशावर आणणे

वस्त्यांची यादी स्प्रेडशीटमध्ये असेल तर ती यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून जतन करावी आणि 'ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर' मधून उघडावी. एक्स म्हणजे रेखांश आणि वाय म्हणजे अक्षांश. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, त्यामुळे येथे अदलाबदल होते आणि सर्व वस्त्या भलत्याच खंडात जाऊन पडतात. निर्देशांक अंश-मिनिटांत असतील तर ते दशांशात करून घ्यावेत: १० अंश ३० मिनिटे म्हणजे १०.५, १०.३० नव्हे. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवावे. रिकाम्या नोंदींत शून्य भरलेले असेल, तर त्या वस्त्या शून्य अक्षांश आणि शून्य रेखांशावर, म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात गोळा होतात. सर्व स्तर पूर्ण दिसेल असे करून एकदा पाहिले की असे भटके बिंदू सापडतात.

लोकसंख्या वेगळ्या तक्त्यात असल्यास ती वस्तीच्या नावावर जोडू नये. एकाच नावाच्या अनेक वस्त्या असतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने किंवा शब्दामागे राहिलेल्या एका रिकाम्या जागेने जुळणी तुटते. अधिकृत संकेतांकावर जोडावे. त्यातही एक खाच आहे: स्प्रेडशीट "००७" हा संकेतांक आकडा समजून "७" करून टाकते आणि मग तो दुसऱ्या तक्त्यातील "००७" शी जुळत नाही. दोन्हीकडे तो रकाना मजकूर म्हणून ठेवावा. जुळणी झाल्यावर ॲट्रिब्यूट टेबलमध्ये लोकसंख्येच्या रकान्यावर क्रम लावून रिकाम्या नोंदी मोजाव्यात, आणि नकाशातील एकूण लोकसंख्या मूळ तक्त्याच्या बेरजेशी ताडून पाहावी. ही बेरीज जुळेपर्यंत पुढे जाऊ नये.

सीमांच्या बहुभुजांवर 'फिक्स जिओमेट्रीज' एकदा चालवून घ्यावे. स्वतःलाच छेदणाऱ्या रेषा दिसत नाहीत, पण पुढचे प्रत्येक साधन त्यांच्यापाशी अडखळते.

एखादा स्तर फक्त जुन्या कागदी नकाशावर असेल, तर तो स्कॅन करून 'जिओरेफरन्सर'मध्ये बसवावा लागतो. साध्या पहिल्या घाताच्या रूपांतरणाला किमान ३ नियंत्रणबिंदू लागतात, दुसऱ्या घाताला ६ आणि तिसऱ्याला १०. किमान संख्येवर थांबले तर त्रुटी शून्य दिसते, कारण तपासायला जादा बिंदूच नसतो. कागदाच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये पसरलेले १०-१२ बिंदू घ्यावेत आणि शक्यतो पहिल्याच घातावर समाधान मानावे. वरचे घात बिंदूंपाशी नेमके बसतात आणि बिंदूंच्या मध्ये नकाशा वाकवतात.

दूर म्हणजे किती दूर

सगळे स्तर आता मीटरमध्ये आले आहेत. केंद्रांभोवती 'बफर' साधनाने ५००० मीटरचे वर्तुळ काढता येते. चतुर्थांश वर्तुळाला ५ खंड हे आधीपासून ठरलेले मूल्य वाढवून २५ करावे, म्हणजे वर्तुळ खरोखर गोल होते, आणि 'डिझॉल्व्ह' निवडून एकमेकांवर आलेली वर्तुळे एक करावीत. मग 'एक्स्ट्रॅक्ट बाय लोकेशन'मध्ये 'डिसजॉइंट' हा पर्याय घेतला, की बफरबाहेरच्या वस्त्या वेगळ्या होतात.

मला मात्र दुसरा मार्ग अधिक पसंत आहे. 'जॉइन ॲट्रिब्यूट्स बाय निअरेस्ट' हे साधन प्रत्येक वस्तीच्या ओळीत जवळच्या केंद्राचे नाव आणि अंतर लिहून देते. ५ किलोमीटर हा आकडा शेवटी माणसांनी ठरवलेला असतो, ४.९ किलोमीटरवरची वस्ती जवळची आणि ५.१ वरची दूरची असे जमिनीवर काही नसते. प्रत्यक्ष अंतर तक्त्यात असले, तर मर्यादा ४ किंवा ६ केल्यास निष्कर्ष किती बदलतो हे लगेच पाहता येते. मर्यादा थोडी हलवताच वस्त्यांची संख्या खूप बदलत असेल, तर ती गोष्ट नकाशाखाली लिहिण्याजोगी आहे.

सरळ रेषेतील अंतर आणि पायी चालण्याचे अंतर यांत डोंगराळ भागात फार तफावत पडते. लंडनमधील १८५४ च्या पटकीच्या साथीचा नकाशा करणारे जॉन स्नो यांनी १८५५ च्या आवृत्तीत ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि आजूबाजूचे इतर पंप यांच्यामध्ये समान अंतराची रेषा दाखवली, तेव्हा तीदेखील रस्त्याने चालण्याच्या अंतरावर काढली होती. आपल्याकडे रस्त्यांचा स्तर नीट जोडलेला असेल तर 'नेटवर्क ॲनालिसिस'मधील साधनांनी रस्त्यावरून अंतर काढता येते. पायवाटांचीच ये-जा असेल तर चढाचा विचार हवा. वाल्डो टोबलर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार सपाटीवर माणूस ताशी सुमारे ५ किलोमीटर चालतो आणि २० टक्के चढावर हा वेग साधारण २.५ वर येतो. म्हणजे सपाटीवरचे एक तासाचे अंतर चढावर दोन तासांचे होते. क्यूजीआयएसमधून चालणाऱ्या ग्रास या सॉफ्टवेअरच्या 'आर वॉक' या साधनाला उंचीचे रास्टर, चालण्यातील अडथळ्याचे रास्टर आणि केंद्रांचे बिंदू दिले, तर ते चढ-उतार धरून वेळेचा स्तर तयार करते. नदीवर पूल नसेल तर अडथळ्याच्या रास्टरमध्ये त्या चौकटी बंद कराव्यात. नाहीतर सॉफ्टवेअर रुग्णाला पुरातून चालवत नेते.

चिन्हे, वर्ग आणि रंग

लोकसंख्या ही बिंदूंवरची राशी आहे, म्हणून ती वर्तुळांनी दाखवावी. चौपट लोकसंख्येच्या वस्तीचे वर्तुळ क्षेत्रफळाने चौपट, म्हणजे व्यासाने दुप्पट हवे; व्यास चौपट केला तर डोळ्याला सोळापट फरक दिसतो. 'साइज असिस्टंट'मध्ये 'सरफेस' हा पर्याय याचसाठी आहे. दूरच्या वस्त्या गडद रंगात भरीव आणि बाकीच्या फिकट राखाडी ठेवाव्यात. वाचकाची नजर प्रश्नाच्या उत्तरावर पहिल्यांदा पडली पाहिजे.

पार्श्वभूमीला प्रशासकीय विभागांची घनता दाखवायची असेल तर क्षेत्रघनी पद्धत, म्हणजे प्रत्येक विभाग त्याच्या मूल्यानुसार फिकट-गडद छटेने भरण्याची पद्धत, वापरावी. क्षेत्रघनी नकाशात एकूण लोकसंख्या कधीही रंगवू नये. मोठा विभाग केवळ मोठा असल्याने गडद होतो. लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागून घ्यावे. 'फील्ड कॅल्क्युलेटर'मध्ये '$' चिन्हासह लिहिलेले 'एरिया' प्रकल्पात निवडलेल्या पृथ्वीगोलाच्या वक्रतेवर क्षेत्रफळ मोजते, तर कंसात भूमिती देऊन लिहिलेले 'एरिया' सपाट प्रक्षेपणावर मोजते, पहिलेच घ्यावे.

वर्ग पाडताना आकडे आधी पाहावेत. समजा दहा विभागांची घनता ४०, ५२, ६१, ७५, ८८, ११०, १३०, १९०, २४० आणि २६०० आहे. समान अंतराचे पाच वर्ग केले तर प्रत्येक वर्ग ५१२ चा होतो. नऊ विभाग पहिल्या वर्गात, एक शेवटच्या वर्गात आणि मधले तीन वर्ग रिकामे. समान संख्येचे वर्ग केले तर प्रत्येकात दोन विभाग येतात, पण २४० आणि २६०० एकाच रंगाचे होतात. दोन्ही नकाशे त्याच आकड्यांचे आहेत आणि दोन्ही वेगवेगळे सांगतात. अशा वेळी आकड्यांमधल्या नैसर्गिक खंडांवर वर्ग पाडणाऱ्या 'नॅचरल ब्रेक्स'पासून सुरुवात करावी, मग सीमा हाताने वाचनीय आकड्यांवर आणाव्यात, आणि २६०० चा विभाग शहर असेल तर त्याला स्वतंत्र वर्ग द्यावा. वर्ग पाच असावेत. सातच्या पुढे सूचीतील छटा नकाशात ओळखता येत नाहीत.

चढत्या मूल्यांना एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा द्याव्यात. लाल ते हिरवा हा क्रम टाळावा, कारण लाल-हिरवा भेद न दिसणारे वाचक थोडे नसतात. सिंथिया ब्रूअर यांनी तयार केलेले रंगसंच क्यूजीआयएसमध्ये आधीच आहेत. 'व्ह्यू' मेनूतील 'प्रिव्ह्यू मोड' वापरून नकाशा करड्या रंगात आणि रंगांधळ्या व्यक्तीला दिसेल तसा पाहता येतो. झेरॉक्स काढल्यावर काय उरेल याची कल्पना तेथेच येते.

डोंगरांचा उठाव दाखवणारी छाया हवी असल्यास प्रकाश वायव्येकडून, म्हणजे ३१५ अंशांवरून घ्यावा. तो दक्षिणेकडून घेतला तर अनेकांना दऱ्या डोंगरधारांसारख्या दिसतात. छाया अगदी फिकट ठेवावी.

देवनागरी नावे

बिंदूचे नाव शक्यतो उजवीकडे किंचित वर, आणि नदीचे नाव नदीच्या वळणाने लिहावे, असे नकाशाशास्त्रातील जुने संकेत आहेत. रोमन लिपीसाठी बनवलेले यापुढचे संकेत देवनागरीला जसेच्या तसे लावू नयेत. विस्तीर्ण प्रदेशाचे नाव अक्षरे विरळ करून पसरवण्याची पद्धत देवनागरीत शिरोरेखा तोडते. नाव पसरवायचे असल्यास अक्षरे मोठी करावीत. नदीच्या तीव्र वळणावर अक्षरे सुटी फिरवली की जोडाक्षरे आणि वेलांट्या विस्कटतात. म्हणून नाव नदीच्या सरळ भागावर समांतर ठेवावे. जलाशयांसाठी तिरपे टंक वापरण्याऐवजी निळा रंग द्यावा, कारण सॉफ्टवेअरने बळेच तिरपी केलेली देवनागरी वाचायला त्रास होतो. आकार ८ पॉइंटच्या खाली नेऊ नये, अन्यथा अनुस्वार छपाईत नाहीसा होतो आणि गावाचे नाव बदलते. टंक नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तासारखा सुस्पष्ट असावा. मजकुरामागे पांढरी कड द्यावी, पण ती १ मिलिमीटरपेक्षा कमी असावी.

सर्व वस्त्यांची नावे मावणार नाहीत. दूरच्या वस्त्यांना आधी जागा द्यावी, कारण वाचक त्याच शोधणार आहे.

मांडणी, निर्यात आणि शेवटची तपासणी

'न्यू प्रिंट लेआउट' उघडून नकाशाची चौकट काढावी आणि प्रमाण ४००००० असे स्वतः लिहावे. चौकट ओढून जे प्रमाण येईल ते तसेच ठेवू नये. शीर्षकात विषय, प्रदेश आणि माहितीचे वर्ष यावे. सूचीतील स्तरांची नावे फाइलीच्या नावांवरून आलेली असतात, ती वाचकाच्या भाषेत बदलावीत आणि ज्यांना स्पष्टीकरणाची गरज नाही असे घटक काढून टाकावेत. रेषाप्रमाण अवश्य द्यावे, कारण नकाशा लहान-मोठा करून छापला तर अंकप्रमाण खोटे ठरते आणि रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबर बदलते. तळाशी प्रत्येक स्तराचा स्रोत, त्याचे वर्ष आणि प्रक्षेपणाचे नाव लिहावे. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरल्यास त्याच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख करणे परवान्यानुसार बंधनकारक आहे. अंतर सरळ रेषेतील आहे की चालण्याचे, हेही येथेच स्पष्ट करावे.

प्रत्येक विभागाचा वेगळा नकाशा हवा असेल तर 'ॲटलस' ही सोय एकाच मांडणीतून शेकडो पाने तयार करते; शीर्षकात विभागाचे नाव तक्त्यातून आपोआप येते.

छपाईसाठी पीडीएफ काढताना मजकूर 'पाथ्स' म्हणून निर्यात करावा, म्हणजे दुसऱ्या संगणकावर टंक नसला तरी जोडाक्षरे फुटत नाहीत. चित्ररूपात काढायचा झाल्यास ३०० डीपीआयला ए४ कागदाचे चित्र ३५०८ गुणिले २४८० पिक्सेलचे होते. पडद्याच्या छायाचित्रावर भागवू नये. पहिली प्रत साध्या मुद्रकावर पूर्ण आकारात छापावी आणि रेषाप्रमाण पट्टीने मोजावे. २० किलोमीटरची रेषा ५ सेंटीमीटर भरली नाही, तर मुद्रकाने पान मावेल एवढे लहान केले आहे असे समजावे. त्यानंतर दूर ठरलेल्या वस्त्यांपैकी चार-पाच वस्त्यांची नावे घेऊन तो भाग पायी फिरलेल्या माणसाला दाखवावीत. एखाद्या वस्तीजवळ यादीत नसलेले केंद्र चालू आहे, किंवा यादीतील केंद्र बंद पडले आहे, असे तो सांगेल. ती नोंद कामाच्या माहितीत तारखेसह करावी, अंतरे पुन्हा काढावीत आणि मगच नकाशा छपाईला द्यावा.